२९-० चा तो सीझन एकट्या बिल रसेलचा नव्हता

प्रश्न विचारणारे सर ज्युनियर कॉलेजच्या मुलांना बास्केटबॉल शिकवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की १९५५-५६ ला सॅन फ्रान्सिस्को युनिव्हर्सिटीची टीम एकही मॅच न हरता (२९ जिंकल्या, हार शून्य, म्हणून २९-०) अमेरिकेची कॉलेज चॅम्पियन झाली हे सगळे सांगतात, पण त्यांच्याकडे बिल रसेल होता, रिंगजवळ खेळणारा उंच सेंटर, आमच्याकडे सगळ्यात उंच पोरगा ६ फूट १ इंचाचा, मग त्या सीझनमधून आम्ही शिकायचं काय? आणि दुसरं, रसेलमुळे नियम बदलला हे खरं का?

दुसऱ्याचं उत्तर पुढे येईलच. पहिल्याचं उत्तर असं की रसेल नसता तर २९-० झालंच नसतं, हे उघड आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण रसेल एकटा रिंगखाली उभा राहून सगळे शॉट उडवत होता आणि बाकीचे चार जण बघत होते असं जे चित्र लोकांच्या डोक्यात आहे ना, ते चुकीचं आहे. मी बरीच वर्षं कॉलेजच्या टीम घेऊन फिरतोय आणि माझं मत असं, की त्या टीमची खरी मॅच हाफ लाइनच्या आसपास सुरू व्हायची, रिंगखाली ती फक्त संपायची.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण त्याशिवाय या पोरांनी काय केलं ते कळत नाही. हे जेझुइट पाद्र्यांचं कॉलेज, आपल्या मुंबईच्या झेवियर्ससारखं. फार मोठं नाही, श्रीमंत तर नाहीच, आणि गंमत म्हणजे कॉलेजचं स्वतःचं धड जिमनॅशियम नव्हतं. प्रॅक्टिस शेजारच्या सेंट इग्नेशियस हायस्कूलच्या जिममध्ये, घरच्या मॅच केझार पॅव्हिलियनला नाहीतर काउ पॅलेसला. कॅम्पसवर स्वतःचं वॉर मेमोरियल जिम आलं ते १९५८ ला, म्हणजे दोन नॅशनल टायटल जिंकून झाल्यावर. आमच्याकडे इनडोअर कोर्ट नाही म्हणून रडणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो (आणि मग मीही थोडा रडतो, कारण पावसाळ्यात सिमेंटच्या कोर्टावर प्रॅक्टिस घेणं काय असतं ते माहितीये).

खेळाडू पण कुणी मागणी असलेले नव्हते. रसेल लुइझियानातल्या मन्रोचा, लहानपणी कुटुंब ओकलंडला आलं, तिथल्या मॅक्लिमंड्स हायस्कूलला तो काही स्टार वगैरे नव्हता, आणि स्कॉलरशिपची ऑफर आली ती फक्त याच एका कॉलेजकडून. के. सी. जोन्स मूळचा टेक्सासचा, शाळा सॅन फ्रान्सिस्कोतच, ६ फूट १ इंच, शॉट साधारण, पण पाय आणि हात असे की समोरच्याला बॉल टेकवणं मुश्किल. तुमचा सगळ्यात उंच पोरगा ६ फूट १ म्हणताय ना, मग तुमचा माणूस रसेल नाहीच, तुमचा माणूस जोन्स आहे. पुढचं सगळं त्याच्या बाजूने वाचा.

रसेल आणि जोन्स रूममेट होते, आणि रात्र रात्र भूमिती बोलल्यासारखं बास्केटबॉल बोलायचे: बॉल कुठल्या कोनातून येतो, मारणारा कुठल्या पायावर उडतो, त्याला कुठे ढकललं की त्याचा शॉट कुठल्या हाताला जातो वगैरे. कोच फिल वूलपर्ट डिफेन्सचा माणूस. त्याचा कॉलेजमधला टीममेट पीट न्यूएल त्याच्या आधी याच टीमचा कोच होता आणि १९४९ ला त्याने एनआयटी स्पर्धा जिंकून दिली होती, तीच शिस्त वूलपर्टने पुढे चालवली. आता त्या काळचा डिफेन्सचा पाठ म्हणजे पाय जमिनीवर ठेवा, चांगला डिफेंडर उडी मारत नाही. आणि हा रसेल उंच उडीतला पट्टीचा अॅथलीट, ६ फूट ९ इंचाच्या वर बार ओलांडायचा, तो उडणार नाही तर काय करणार. सुरुवातीला वूलपर्टला हे पटत नव्हतं, हे बरोबर नाही असं त्याने रसेलला सांगितलंही होतं. पण मोठेपणा असा की जे चालतंय ते त्याने चालू दिलं आणि मग सगळा डिफेन्सच त्या उडीभोवती मांडला. हे लिहायला सोपं आहे. जो कोच पंधरा वर्षं एकच गोष्ट शिकवत आलाय त्याला स्वतःच्या डोळ्यादेखत ती मोडू देणं किती जड जातं ते कोचलाच कळेल.

तर मांडणी कशी होती. जोन्स आणि हॅल पेरी हे दोन गार्ड (म्हणजे रिंगपासून लांब, बॉलजवळ खेळणारे) समोरच्या बॉल आणणाऱ्याला फार लवकर धरायचे, कधी फुल कोर्ट, अगदी अंगाला चिकटून. आता तुम्ही मुलांना असं चिकटायला सांगितलं की ते घाबरतात, कारण एक पाय चुकला की माणूस बाजूने निघून जातो आणि मग प्रेक्षक, कॅप्टन, कोच सगळे त्याच्यावर ओरडतात. या टीममध्ये निघून गेला तर गेला, मागे रसेल आहे. म्हणजे गार्डला चुकायची परवानगी होती. आणि जेव्हा चुकायची परवानगी असते तेव्हा माणूस बॉलवर दुप्पट हात घालतो, पासच्या वाटेत उडी घेतो, आणि त्यातले निम्मे बॉल हातात येतात. बरं, जो निघून गेला तो मोकळा झाला का? नाही. पुढे रसेल, मागून जोन्स धावत येतोय, तो ड्रिबल करणारा मध्येच अडकतो, मग तो एकतर लांबून घाईत मारतो किंवा आंधळा पास देतो. ब्लॉक हा त्यातला सगळ्यात शेवटचा भाग. रसेलने पहिल्या काही मिनिटांत दोन-तीन उडवले की पुढचा अर्धा तास समोरचे त्याच्या सावलीलाच घाबरून बॉल वाकडा मारायचे, तो नुसता एक पाऊल पुढे यायचा आणि काम व्हायचं.

आणि ब्लॉक केला तरी बॉल प्रेक्षकात भिरकावायचा नाही. हे मी अगदी ठासून सांगतो कारण आपल्याकडे पोरं ब्लॉक केला की बॉल कंपाउंडबाहेर घालवतात आणि छाती बडवतात, आणि थ्रो-इन पुन्हा समोरच्यालाच. रसेल बॉल हळूच वर टिपायचा नाहीतर स्वतःच्या गार्डच्या दिशेने ढकलायचा, आणि तिथून फास्ट ब्रेक, म्हणजे समोरचे सावरायच्या आत धावत जाऊन बास्केट. म्हणजे एका ब्लॉकने समोरच्याचे दोन वाचले आणि तुमचे दोन झाले. ब्लॉकची तेव्हा अधिकृत नोंदच ठेवत नसत, त्यामुळे त्याने सीझनभर किती केले ते आकड्यात सापडत नाही. रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल पकडणं) मात्र मोजायचे, त्या सीझनला मॅचमागे २१, आणि पॉइंट मॅचमागे २०.६. पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो टीमचा आकडा, त्यांनी समोरच्यांना मॅचमागे सरासरी ५२.२ पॉइंटच करू दिले, देशात सगळ्यात कमी. आदल्या वर्षीसुद्धा सगळ्यात कमी यांचेच.

आता नियमाचं. आदल्या सीझनला, १९५४-५५ ला, टीम २८-१ होती, डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या यूसीएलएकडून ४७-४० हरले तेवढेच, त्यानंतर सगळं जिंकत गेले आणि फायनलला टॉम गोलाच्या ला साल टीमला ७७-६३ हरवलं. त्या फायनलला गोलाला धरायचं काम रसेलचं नव्हतं, ते ६ फूट १ च्या जोन्सला दिलं होतं आणि गोला ६ फूट ६ चा! जोन्सने त्याला धरलं आणि वर स्वतः २४ पॉइंट केले. असो. तर या सीझननंतर कॉलेजच्या नियम समितीने लेन, म्हणजे रिंगसमोरचा आखलेला पट्टा, ६ फुटांची १२ फूट रुंद केली. तीन सेकंदांचा नियम (अटॅक करणाऱ्याने तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही) लेनच्या आत लागतो, त्यामुळे लेन अरुंद असताना मोठा सेंटर लेनच्या बाहेर पाय ठेवून रिंगच्या जवळजवळ खालीच उभा राहू शकायचा, रुंद केली की तो आपोआप लांब जातो. म्हणजे हो, नियम बदलण्यामागे रसेल हे मोठं कारण होतं हे खरंय. पण झालं उलटंच. रुंद लेनमुळे मार बसला तो जाड, हळू सेंटरना. रसेल तर पळणारा माणूस, तो लेनच्या बाहेरून दोन पावलांत आत यायचा, आणि समोरचा सेंटर मात्र आता रिंगपासून लांब अडकलेला. त्याला रोखायला केलेला नियम त्याच्याच फायद्याचा ठरला. त्याची अजून एक सवय होती, आपल्याच टीममेटचा शॉट रिंगच्या वर हवेत असताना हाताने आत ढकलायचा, तेव्हा ते चालायचं, नंतर तेही बंद केलं.

सीझन कसा गेला ते सगळं सांगत बसत नाही, २९ मॅच आहेत आणि बऱ्याचशा एकतर्फी आहेत. लीगमधल्या मॅच तर बहुतेक अशा की हाफ टाइमला संपल्यासारख्याच. पण दोन ठिकाणी थांबायला हवं.

एक म्हणजे डिसेंबर १९५५, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली हॉलिडे फेस्टिवल. तोपर्यंत पूर्वेकडच्या लोकांना वाटायचं की वेस्ट कोस्टवर दुबळ्या टीम हरवून रेकॉर्ड बनवलंय. तिथे यांनी ला सालला ७९-६२, मग होली क्रॉसला ६७-५१, आणि फायनलला यूसीएलएला ७०-५३ हरवलं. होली क्रॉसकडे टॉमी हाइनसन होता, जो पुढे बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक टीममध्ये रसेलचाच टीममेट झाला. यूसीएलएचा कोच जॉन वुडन. तीनही मॅच १६-१७ पॉइंटच्या फरकाने, यावरून समजा.

दुसरं म्हणजे २८ जानेवारी १९५६, बर्कलीला कॅलिफोर्नियाविरुद्ध. माझ्या मते पूर्ण सीझनमधली शिकण्यासारखी मॅच हीच, फायनलपेक्षा जास्त. समोरच्या बेंचवर तोच पीट न्यूएल, वूलपर्टचा जुना दोस्त, यांचा डिफेन्स आतून बाहेरून माहिती असलेला. सॅन फ्रान्सिस्कोने तोपर्यंत सलग ३९ जिंकल्या होत्या, ही जिंकली तर ४० आणि नवा रेकॉर्ड. न्यूएलने विचार केला की यांच्या डिफेन्सची सगळी मजा तुम्ही आत घुसता म्हणून आहे, तर आत घुसायचंच नाही. कॉलेज बास्केटबॉलला तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेळात शॉट मारायचं बंधन, नव्हता (एनबीए या व्यावसायिक लीगने १९५४ ला आणला, कॉलेजवाल्यांनी पुरुषांसाठी थेट १९८५-८६ ला). तर त्याचा सेंटर बॉल धरून रिंगपासून लांब उभा राहिला. नुसता उभा. रसेल रिंगजवळ उभा. जवळजवळ आठ मिनिटं असंच, प्रेक्षक बोंबलतायत, आणि कुणी हलत नाही.

आता कोच म्हणून विचार करा, तुम्ही काय केलं असतं? आपल्यातले नव्वद टक्के कोच ओरडले असते, जा पुढे, बॉल घे त्याच्याकडून! आणि रसेल पुढे गेला असता तर रिंग मोकळी, न्यूएलला तेच हवं होतं. रसेल गेला नाही. यांची टीम हलली नाही. शेवटी मॅच ३३-२४ ने सॅन फ्रान्सिस्कोने जिंकली. स्कोअर बघून लोक म्हणतात काय रटाळ मॅच, मला ती भारी वाटते कारण डिफेन्सवर विश्वास असणं म्हणजे काय ते तिथे दिसतं, रेकॉर्ड डोळ्यासमोर असताना वीस-बावीस वर्षांची पोरं आठ मिनिटं शांत उभी राहिली. तुमच्या मुलांना तुम्ही आठ सेकंद शांत उभं करून दाखवा.

आता येतो खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं. १९५३-५४ च्या सीझनला जोन्स एकच मॅच खेळला आणि त्याचं अपेंडिक्स फुटलं, सगळा सीझन गेला. त्यामुळे त्याला एक जास्तीचं वर्ष मिळालं, पण ती एक मॅच खेळल्याचं कारण देऊन १९५६ च्या एनसीएए स्पर्धेत (कॉलेजांची नॅशनल चॅम्पियनशिप) मात्र त्याला खेळू दिलं नाही. म्हणजे सीझनच्या सगळ्या २५ मॅच जिंकल्यावर, ऐन नॉकआउटला, ज्याच्यावर सगळ्या डिफेन्सची पहिली फळी उभी होती तोच बाहेर बसला. बाहेर म्हणजे पूर्ण बाहेर.

जर ही टीम फक्त रसेलची असती तर जोन्स गेल्याने काही फरक पडायला नको होता, आणि जर फक्त त्या दोघांची असती तर इथे कोसळायला हवी होती. झालं काय, तर जीन ब्राउन नावाचा दुसऱ्या वर्षाचा गार्ड जोन्सच्या जागी आला आणि पहिल्याच मॅचला यूसीएलएविरुद्ध २३ पॉइंट करून बसला, ७२-६१. मग युटा ९२-७७. सेमी फायनलला एसएमयू ८६-६८. जरा आकडे बघा, जोन्स नसल्यामुळे समोरच्यांचे पॉइंट वाढलेत, सीझनची सरासरी ५२ आणि इथे ६१, ७७, ६८. अर्थात इथे समोरच्या टीमही तगड्या होत्या, सगळं जोन्सच्या नावावर टाकू नका. पण पहिली फळी थोडी सैल झालीच. फक्त ब्राउन तेच काम करत होता, त्याच जागेवरून, तसंच चिकटून, कारण वर्षभर प्रॅक्टिसला तो रोज जोन्ससमोर खेळला होता. आणि या टीमचं अटॅक पण आता इतर जण उचलत होते.

फायनल इलिनॉयच्या एव्हन्स्टनला मॅकगॉ हॉलमध्ये, समोर आयोवा. सुरुवात भयंकर झाली, आयोवा १५-४ पुढे. वूलपर्टची टीम घाबरली नाही, परत डिफेन्सवर आली आणि हळूहळू पुढे निघून गेली, ८३-७१. रसेलचे २६ पॉइंट आणि २७ रिबाउंड, फायनलमधले २७ रिबाउंड हा रेकॉर्ड आजही तसाच आहे. पण खालच्या ओळी वाचा: ब्राउन १६, कार्ल बोल्ट १६, पेरी १४. जोन्सशिवाय. आणि एवढं करून स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू रसेल नाहीच, टेम्पलच्या हॅल लीअरला दिलं, कारण त्याने तिसऱ्या नंबरच्या मॅचमध्ये ४८ पॉइंट मारले होते. पॉइंट मारणाऱ्यालाच बक्षीस, हा रोग सगळीकडचा आहे आणि आपल्याकडच्या स्पर्धांत तर विचारूच नका.

एनसीएएची स्पर्धा एकही मॅच न हरता पूर्ण सीझन खेळून जिंकणारी ही पहिली टीम. सलग ५५ झाल्या होत्या, पुढच्या सीझनला अजून ५ जिंकून ६० वर इलिनॉयने यांना अडवलं.

एक गोष्ट बास्केटबॉलच्या बाहेरची वाटेल पण नाहीये. त्या काळात बहुतेक कॉलेजं एखाददुसरा काळा खेळाडू घ्यायची, आणि वूलपर्ट तीन-तीन सुरुवातीला उतरवायचा: रसेल, जोन्स, पेरी. त्याबद्दल त्याला शिव्या खाव्या लागल्या. डिसेंबर १९५४ ला ओक्लाहोमा सिटीच्या स्पर्धेला गेले तर हॉटेलवाल्यांनी काळ्या खेळाडूंना घ्यायला नकार दिला, तेव्हा गोऱ्या पोरांसकट सगळी टीम एका कॉलेजच्या रिकाम्या हॉस्टेलमध्ये राहिली. प्रॅक्टिसला लोकांनी त्यांच्यावर नाणी फेकली, रसेलने ती उचलून कोचकडे ठेवायला दिली! या कॉलेजला हे नवीन नव्हतं, १९५१ ची त्यांची फुटबॉल टीम एकही मॅच हरली नव्हती आणि दोन काळ्या खेळाडूंना घरी ठेवून या म्हटल्यावर त्यांनी मोठ्या बोल मॅचला (सीझन संपल्यावर निमंत्रणावरून होणारी मॅच) जायलाच नकार दिला होता. मी हे का सांगतोय, तर आठ मिनिटं शांत उभं राहणं किंवा १५-४ मागे पडून न घाबरणं हे प्रॅक्टिसच्या ड्रिलमधून येत नाही, ज्या पोरांनी एका हॉस्टेलमध्ये एकत्र झोपून ती स्पर्धा काढली ती एकमेकांसाठी हेल्पला येणारच. वूलपर्टचं पुढे काय झालं म्हणाल तर तब्येतीमुळे आणि दडपणामुळे त्याने १९५९ ला ही नोकरी सोडली, नंतर सॅन दिएगोला कोचिंग केलं आणि शेवटी वॉशिंग्टन राज्यातल्या सेक्विम गावात स्कूल बस चालवायचा. दोन वेळचा नॅशनल चॅम्पियन कोच.

रसेल आणि जोन्स त्याच वर्षीच्या मेलबर्न ऑलिंपिकला गेले, गोल्ड घेऊन आले, सेल्टिक्सची कथा सगळ्यांना माहितीये. मला त्यापेक्षा जास्त रस आहे तो मागे राहिलेल्यांत. रसेल गेला, जोन्स गेला, पेरी गेला, आणि १९५६-५७ ला हीच टीम परत शेवटच्या चारात पोचली. तिथे विल्ट चेंबरलेन या दुसऱ्या प्रसिद्ध सेंटरच्या कॅन्ससने ८०-५६ धुतलं ते सोडा, पण पोचली, आणि तिसरी आली. आता तुमच्या ६ फूट १ वाल्यांना हे सांगा.

म्हणजे तुम्हाला रसेल नको, रसेलची जागा हवी. गार्ड मागे टाकला गेला की कोण आत येणार हे आधीच ठरलेलं असणं, एवढंच. तुमच्याकडे तो माणूस ब्लॉक करू शकणार नाही, हरकत नाही, तो वेळेवर छाती समोर आणून उभा राहिला तरी ड्रिबल करणारा थांबतो, हात सरळ वर ठेवून, फाऊल न करता. मी हे असं घेतो: अर्ध्या कोर्टवर तीन विरुद्ध तीन, बॉलवरच्या गार्डला सांगायचं की मुद्दाम एका बाजूने जाऊ दे, बेसलाइनला नाही, जिकडे मदत उभी आहे तिकडेच. मदतीला येणाऱ्याने, ड्रिबल करणारा पेंटमध्ये (म्हणजे त्याच लेनमध्ये) पाय टाकायच्या आधी पोचायचं, नंतर नाही. आणि तिसऱ्याने मदतीला गेलेल्याचा माणूस उचलायचा, हे सगळ्यात जास्त विसरतात. गार्ड मागे पडला म्हणून त्याच्यावर ओरडायचं नाही, तो मागे पडल्यावर पळत परत आला नाही तर ओरडायचं. पहिले दोन आठवडे खूप लेअप (रिंगजवळून मारलेले सोपे शॉट) खाल, खाऊ द्या. फुल कोर्ट प्रेस, म्हणजे पूर्ण कोर्टभर चिकटून धरणं, त्यानंतर, आधी नाही, आणि मॅचमध्ये सुरुवातीला फक्त बास्केट केल्यावरच लावा, म्हणजे पोरांना आपापली जागा घ्यायला वेळ मिळतो.

बेंचवर एका मुलाला वही देऊन बसवा, तो फक्त एवढंच लिहील की समोरच्यांनी किती वेळा आत यायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून बॉल बाहेर दिला. पॉइंट लिहायला स्कोअरर आहेच.